ऑर्किड घरात वाढवताना: वाचकांचे प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रं फॅलेनॉप्सिसबद्दल आहेत. रुंद, जाडसर पानं आणि कमानदार दांड्यावर ओळीने लागलेली चपटी फुलं, ते हे ऑर्किड. वेगळं नाव दिलेलं नसेल तिथे उत्तर फॅलेनॉप्सिससाठी आहे असं समजावं. डेंड्रोबियम आणि व्हँडाचे प्रश्न शेवटी घेतले आहेत.

प्रश्न: पाणी किती दिवसांनी घालावं? कुणी आठवड्यातून एकदा सांगतं, कुणी रोज फवारा मारायला सांगतं.

दिवस मोजू नका, मुळं बघा. फॅलेनॉप्सिस निसर्गात झाडांच्या खोडा-फांद्यांवर वाढतं. तिथे पाऊस पडला की मुळं चिंब होतात आणि काही तासांत वाऱ्याने सुकतात. या मुळांवर मृत पेशींचं स्पंजासारखं आवरण असतं, त्याला व्हेलामेन म्हणतात. ते पाणी झटकन शोषतं आणि आतल्या मुळाला पुरवतं. कोरडं असताना त्या पेशींत हवा भरलेली असते, म्हणून मूळ चंदेरी-करडं दिसतं. भिजल्यावर आवरण पारदर्शक होऊन आतला हिरवा रंग दिसू लागतो. हीच तुमची मोजपट्टी. कडेची मुळं करडी झाली आणि पारदर्शक कुंडीच्या आतलं दव नाहीसं झालं की पाणी घालायचं, त्याआधी नाही.

कुंडी अपारदर्शक असेल तर बांबूची काडी माध्यमात (मातीऐवजी कुंडीत भरलेल्या साली-मॉससारख्या मिश्रणात) मध्यापर्यंत खोचून दहा मिनिटांनी काढा. ओलसर, गार लागली तर थांबा. कुंडी उचलून वजनाचा अंदाज घेण्याची सवयही लवकर लागते. झाडाच्या सालीच्या तुकड्यांत लावलेल्या १२ सेंमी व्यासाच्या कुंडीला बहुधा ५ ते ७ दिवसांनी पाणी लागतं, स्फॅग्नम मॉसमध्ये (पाणी धरून ठेवणारं वाळवलेलं शेवाळ) ८ ते १२ दिवसांनी. पण खोलीचं तापमान आणि वारा बदलला की हे आकडे बदलतात, त्यामुळे त्यांच्यावर विसंबू नका.

पाणी सकाळी घाला, म्हणजे पानांच्या बेचक्यात पडलेलं पाणी रात्रीआधी सुकतं. खालून निथळेपर्यंत भरपूर ओता किंवा कुंडी १० ते १५ मिनिटं पाण्यात ठेवा. मात्र एकाच बादलीतल्या पाण्यात सगळ्या कुंड्या बुडवू नका. एकीतला रोग सगळीकडे पोचतो. कुंडी शोभेच्या बाहेरच्या भांड्यात परत ठेवण्याआधी पूर्ण निथळू द्या. त्या भांड्याच्या तळाशी नकळत साचलेलं दोन बोटं पाणी हे घरातली ऑर्किड मरण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे.

फवाऱ्याने पानं ओली होतात, मुळांची तहान भागत नाही. हवेतला दमटपणाही त्याने काही मिनिटंच वाढतो.

प्रश्न: आठवड्यातून तीन बर्फाचे खडे ठेवायची पद्धत योग्य आहे का? थंडीने मुळं मरत नाहीत?

ओहायो स्टेट आणि जॉर्जिया विद्यापीठांतल्या संशोधकांनी हे तपासून २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सालीत लावलेल्या फॅलेनॉप्सिसला बर्फ दिला काय किंवा तेवढंच साधं पाणी दिलं काय, फुलांच्या टिकण्यात किंवा मुळांच्या तब्येतीत फरक आढळला नाही. म्हणजे बर्फाने रोप मरत नाही. तरीही आम्ही ही पद्धत सुचवत नाही, कारण इतक्या थोड्या पाण्याने माध्यमात साठलेले क्षार धुऊन जात नाहीत.

प्रश्न: रोज थोडं थोडं पाणी देऊनही पानं सुरकुतून लोंबायला लागली आहेत. पाणी वाढवू का?

अजिबात नको. पानं सुरकुतली म्हणजे त्यांच्यापर्यंत पाणी पोचत नाही एवढंच कळतं. कुंडी कोरडी असेल तर पाणी कमी पडलंय. कुंडी ओली असूनही पानं लोळत असतील तर पाणी वर नेणारी मुळंच कुजली आहेत. तुमचं दुसऱ्या प्रकारचं दिसतं. मूळ पाण्याने मरत नाही, सतत ओल्या माध्यमात हवा न मिळाल्याने गुदमरतं. बुरशी आणि जिवाणू मागाहून येतात.

रोप कुंडीतून काढा, जुनं माध्यम झटकून मुळं वाहत्या पाण्याखाली धुवा. बोटांनी दाबून पाहा. घट्ट लागलं तर ते जिवंत, मग रंग पिवळट किंवा तपकिरी का असेना (प्रकाश न मिळालेली मुळं तशीच दिसतात). पिचपिचीत लागलं, आवरण ओढताच निघून आत दोरा उरला, की ते मेलेलं. कात्री ज्योतीवर तापवून गार करा आणि मेलेला भाग जिवंत भागापर्यंत कापा. फुलांचा दांडा असेल तर तोही बुडापासून काढा. जीवावर येतं, पण रोपाकडे आता फुलं पोसायला काही शिल्लक नाही.

तीन-चार घट्ट मुळं उरली असतील तर त्यांना जेमतेम पुरेल एवढ्या लहान कुंडीत, ताज्या माध्यमात लावा. एकही उरलं नसेल तर स्फॅग्नम मॉस भिजवून इतकं पिळा की दाबल्यावर थेंब पडू नये. ते पारदर्शक डब्याच्या तळाशी पसरा आणि रोपाचं बूड मॉसला टेकेल-न-टेकेल असं ठेवा. झाकण लावून डबा उजेडात ठेवा, पण थेट उन्हात नको, आतलं रोप शिजतं. तापमान २२ ते २८ अंश सेल्सियस असावं. रोज काही मिनिटं झाकण उघडा. नवं मूळ फुटायला एक ते तीन महिने लागतात, तोवर खत नाही.

दालचिनीची पूड कापलेल्या जागी कोरडेपणा आणते, म्हणून पानावरच्या जखमेला चालते. मुळांवर टाकू नका, चांगली मुळंही सुकतात. आणि सुरकुतलेली जुनी पानं पुन्हा ताठ झाली नाहीत म्हणून खचू नका. मधून येणारं नवं पान कसं आहे ते पाहा.

प्रश्न: कोकोपीट आणि मातीच्या मिश्रणात लावलं तर चालेल का? कुंडी केव्हा, कशी बदलावी?

माती नको, आणि नुसतं कोकोपीटही नको. दोन्ही इतकी बारीक असतात की भिजल्यावर हवेला जागाच उरत नाही. फॅलेनॉप्सिससाठी १ ते २ सेंमी आकाराचे झाडाच्या सालीचे तुकडे ४ भाग, लोणारी कोळशाचे तेवढेच तुकडे १ भाग आणि जाड परलाइट (खनिजाचे हलके, पांढरे, सच्छिद्र दाणे) १ भाग असं मिश्रण घ्या. हवा फार कोरडी असेल तर त्यात १ भाग स्फॅग्नम मॉस तोडून घाला. सालीऐवजी नारळाच्या सोडणाचे तुकडे चालतात, पण त्यांत मीठ असतं. २४ तास भिजवा, पाणी टाका, आणि हे दोन-तीनदा करा.

साल कायम टिकत नाही. दीड-दोन वर्षांत ती कुजून भुगा होते, भुगा पोकळ्या बुजवतो आणि तेच पाणी, तीच कुंडी, पण मुळं अचानक सडायला लागतात. ‘आजवर छान चाललं होतं’ असं लिहिणाऱ्या पत्रांत बहुतेकदा हेच कारण निघतं. म्हणून फुलं संपल्यावर, मुळांची नवी हिरवी टोकं दिसू लागली की माध्यम बदला.

साल आदल्या रात्री भिजत घाला, कोरडी साल सुरुवातीला पाणी धरत नाही. रोपाला तासभर आधी पाणी द्या, म्हणजे मुळं लवचीक होतात आणि मोडत नाहीत. मेलेली मुळं कापा. खालच्या पानाचं बूड माध्यमाच्या पातळीला येईल असं रोप धरा आणि कुंडी आपटत-आपटत तुकडे भरा. काडीने हलकेच सारले तर चालेल, ठोसू नका. बाहेर लोंबणारी हवाई मुळं बाहेरच राहू द्या. ती हवेला सरावलेली असतात, कोंबून आत घातली की मोडतात किंवा सडतात. रोप डगमगत असेल तर काठीला बांधा, कारण हलणाऱ्या रोपाच्या मुळांची कोवळी टोकं घासून वाढ थांबते. बरीच मुळं कापावी लागली असतील तर तीन-चार दिवस पाणी देऊ नका.

नवी कुंडी मुळांच्या गोळ्यापेक्षा फार तर बोटभर मोठी. ‘वाढायला जागा’ म्हणून मोठी घेतली की तिचा मधला भाग ओलाच राहतो.

प्रश्न: दोन वर्षं झाली, पानं हिरवीगार आहेत, पण फूल नाही. फुलांसाठी कोणतं खत द्यावं?

खताने हे सुटणार नाही. जास्त फॉस्फरसच्या ‘फूलवाढ’ खतांवरचे पैसे वाचवा. फॅलेनॉप्सिसला दांडा येतो तो प्रकाश आणि गारवा यांमुळे.

प्रकाश आधी पाहू. तुम्ही ‘हिरवीगार’ म्हणता तोच संशयाचा मुद्दा आहे. पानं गडद हिरवी, लांबट आणि लोंबती असतील तर प्रकाश कमी आहे. पुरेशा प्रकाशात ती मध्यम, किंचित पोपटी छटेची असतात, आणि कडांना तांबूस झाक व पिवळेपणा आला तर प्रकाश जास्त. लागतात साधारण १०,००० ते १५,००० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक). मोबाइलमधलं लक्स-मापक ढोबळ अंदाज देतं. तेही नसेल तर भर दिवसा पानाच्या ३० सेंमी वर हात धरा. सावली मऊ, अस्पष्ट कडांची पडली तर ठीक, ठसठशीत पडली तर ऊन जास्त, पडलीच नाही तर अंधार. पूर्वेची खिडकी उत्तम. जिथे ऊन कडक येतं तिथे विरळ पडदा लावा. खिडकीपासून दोन मीटर आत आपल्याला खोली उजळ वाटते, रोपाला नाही.

दिव्याखाली वाढवत असाल तर पांढरा एलईडी दिवा पानांपासून २० ते ३० सेंमी वर, रोज १२ ते १४ तास. चोवीस तास चालू ठेवू नका. फॅलेनॉप्सिस पानांची रंध्रं रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड घेतं आणि साठवतं. अंधार त्याच्या अन्ननिर्मितीचाच भाग आहे.

आता तापमान. ते सतत २८ अंशांच्या वर राहिलं तर रोप पानंच काढत राहतं. चार-पाच आठवडे दिवसा २५ अंशांच्या आत आणि रात्री १६ ते १८ अंश मिळाले की दांडा निघण्याची शक्यता पुष्कळ वाढते. व्यावसायिक हरितगृहांत याच कारणासाठी ठरवून तापमान पाडतात. घरात सोपा मार्ग म्हणजे ऋतू गार व्हायला लागला की रोप रात्री खिडकी उघडी असलेल्या खोलीत ठेवणं. १२ अंशांखाली मात्र नेऊ नका.

दांडा दिसल्यापासून पहिलं फूल उमलेपर्यंत अडीच ते चार महिने जाऊ शकतात. या काळात कुंडी फिरवू नका. दांडा उजेडाकडे वळतो, आणि कुंडी फिरवत राहिलं की कळ्या वेड्यावाकड्या लागतात.

प्रश्न: बुंध्याजवळ काहीतरी हिरवं फुटलंय. मूळ की दांडा?

मुळाचं टोक गोल, गुळगुळीत, चकचकीत असतं. दांड्याचं टोक चपटं असतं, एका बाजूला छोटी खाच दिसते, आणि तो पानाच्या बेचक्यातून निघून वर वळतो. आठ-दहा दिवसांत पेरं दिसू लागली की शंका राहत नाही. तोवर आधाराची काठी खोचू नका.

प्रश्न: फुलं गळली. दांडा कापायचा की ठेवायचा?

दांडा पिवळा-तपकिरी होऊन वाळला असेल तर बुडाशी कापा. हिरवा असेल तर रोपाकडे पाहून ठरवा. चार किंवा अधिक ताठ पानं आणि चांगली मुळं असतील तर खालून दुसऱ्या-तिसऱ्या पेराच्या १ सेंमी वर कापा. त्या पेरातून दोन-तीन महिन्यांत फाटा फुटून पुन्हा फुलं येऊ शकतात, पण ती कमी आणि लहान असतात. आमचा कल बुडाशी कापण्याकडे आहे. पुढच्या मोसमात दांडा जोरकस येतो.

पेरातून फुलाऐवजी छोटं रोप फुटलं तर त्याला ‘केकी’ म्हणतात. त्याला दोन-तीन पानं आणि ५ ते ७ सेंमी लांबीची किमान दोन मुळं आली की दांड्याच्या तुकड्यासकट काढून लहान कुंडीत लावा.

प्रश्न: कळ्या भरल्या आणि न उमलताच पिवळ्या पडून गळाल्या. असं का?

कळ्या लागल्यावर परिस्थिती एकदम बदलली की रोप पहिल्यांदा कळ्या टाकतं. नवीन आणलेलं रोप, जागा बदललेलं रोप, वातानुकूलन यंत्राचा थेट झोत, कुंडी एकदा पूर्ण सुकणं, यांतलं काही घडलं का आठवा. दुसरं कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: पिकणारी फळं. सफरचंद, केळी, आंबे पिकताना इथिलीन वायू सोडतात आणि ऑर्किडच्या कळ्या त्याला फार हळव्या असतात. फळांची परडी आणि ऑर्किड एका टेबलावर नको. गॅसच्या शेगडीजवळही नको. कळ्यांवर ओरखड्यासारखे डाग असतील तर फुलकिडे शोधा.

प्रश्न: खत किती आणि कसं? कुंडीच्या कडेला पांढरा थर जमलाय.

१९:१९:१९ किंवा २०:२०:२० (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) विद्राव्य खत अर्धा ग्रॅम एक लिटर पाण्यात. नवी पानं-मुळं वाढत असताना तीन आठवडे दर आठवड्याला हे पाणी, चौथ्या आठवड्यात फक्त साधं पाणी. कोरड्या मुळांवर खत ओतू नका, आधी साध्या पाण्याने भिजवा.

पांढरा थर म्हणजे साठलेले क्षार. ते मुळांची टोकं काळी करतात. कुंडीतून दोन-तीन लिटर पाणी सावकाश वाहू द्या, अर्ध्या तासाने पुन्हा. तुमच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) २०० पीपीएमच्या बराच वर असेल तर पावसाचं किंवा शुद्धीकरण यंत्राचं पाणी वापरा. मात्र अशा पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जवळजवळ नसतं, तेव्हा ती दोन्ही असलेलं खत निवडा. भाजी-फळांच्या सालींचं पाणी कुंडीतल्या माध्यमात सडतं आणि चिलटं बोलावतं, ते टाळा.

प्रश्न: पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात. दांड्यावर चिकट थेंबही आहेत.

पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. रोप बाकीच्यांपासून लांब ठेवा. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस भिजवून पुंजके पुसून काढा; बेचकी, पानांची मागची बाजू, फुलांच्या मागचे देठ, सगळं. अंडी त्यातून वाचतात, म्हणून दर सात दिवसांनी निदान चार वेळा करा. बहुतेक जण दुसऱ्या वेळेनंतर थांबतात आणि महिन्याभरात कीड परत येते. तरीही येत राहिली तर ती मुळांत आहे. कुंडी रिकामी करा, मुळं धुवा, माध्यम फेकून द्या.

चिकट थेंब किडीचेही असू शकतात. पण एकही कीड नसलेल्या निरोगी रोपाच्या दांड्यावर आणि कळ्यांच्या देठांवर स्वच्छ गोड थेंब येतात, तो रोपाचाच मधुरस असतो. ओल्या कापडाने पुसा.

प्रश्न: मधलं नवं पान ओढताच हातात आलं, बूड काळं आहे.

शेंड्याची कुज. मधल्या बेचक्यात रात्रभर पाणी राहिलं की होते. फॅलेनॉप्सिसला वाढीचा एकच शेंडा असतो, तो गेला की वरून नवं पान येत नाही. कुजलेला भाग काढा, जागा पुसून कोरडी करा, तिथे दालचिनी पूड टाका आणि पंख्याची हलकी हवा द्या. मुळं आणि खालची पानं शाबूत असतील तर काही महिन्यांत बुडाशी बाजूचा कोंब येऊ शकतो. पुढे पाण्याचा थेंब शेंड्यात पडलाच तर कागदाच्या टोकाने टिपून घ्या.

प्रश्न: डेंड्रोबियमच्या जुन्या कांड्या बिनपानांच्या झाल्या. कापून टाकू? शिवाय फुलांऐवजी कांडीवर छोटी रोपं येतात.

घट्ट, फुगीर असतील तोवर कापू नका. त्यांत पाणी आणि अन्न साठलेलं असतं, नव्या कोंबाला ते लागतं, आणि बिनपानांच्या कांड्यांवर फुलंही येतात. पूर्ण सुकून तपकिरी पोकळ झालेलीच काढा.

छोट्या रोपांवरून तुमचं डेंड्रोबियम नोबिले गटातलं असावं. या गटाला कांडी पूर्ण वाढल्यावर गार आणि कोरडी विश्रांती लागते: रात्री १० ते १३ अंश, भरपूर प्रकाश, खत बंद, पाणी कांडी फार आकसणार नाही इतपतच. कळ्या ठळक दिसेपर्यंत असंच ठेवा. विश्रांतीतही पाणी-खत चालू राहिलं की कळ्यांच्या जागी रोपं फुटतात. ताठ दांड्याच्या टोकाकडे फॅलेनॉप्सिससारखी फुलं येणारा गट मात्र उबदार हवेतला आहे. त्याला इतका गारवा देऊ नका.

प्रश्न: खोलीत प्रकाश कमी आहे. व्हँडा ठेवू का?

नको. व्हँडाला फॅलेनॉप्सिसच्या दुपटीहून जास्त प्रकाश, खेळती दमट हवा आणि उघड्या मुळांना जवळजवळ रोज भिजणं लागतं. कमी प्रकाशात लुडिसिया डिस्कलर हे ऑर्किड घ्या. गडद, मखमली पानांवर तांबूस रेषा असतात, पानांसाठीच ते वाढवतात. ते जमिनीवर वाढणारं असल्याने कोकोपीट, परलाइट आणि बारीक साल यांचं मिश्रण त्याला चालतं.

प्रश्न: फुलाला शेंग धरली आहे. बी पेरलं तर रोपं येतील?

कुंडीत पेरून जवळजवळ नाहीच. ऑर्किडचं बी धुळीएवढं असतं आणि त्यात अंकुराला पुरेल असा अन्नसाठाच नसतो. निसर्गात ठरावीक बुरशी बीजात शिरून अन्न पुरवते. १९२२ साली लुईस नडसन यांनी साखर आणि क्षार घातलेल्या अगारवर (समुद्री शेवाळापासून केलेल्या जेलीवर), बुरशीविना बी रुजवून दाखवलं, आणि आजही प्रयोगशाळांत निर्जंतुक बाटल्यांत याच वाटेने रोपं तयार होतात. तिथूनही पहिल्या फुलाला काही वर्षं जातात. शेंग रोपाची बरीच ताकद खाते, तेव्हा प्रयोगशाळेत पाठवायची सोय नसेल तर ती काढून टाका. रोपं वाढवायची असतील तर फॅलेनॉप्सिसच्या केकी घ्या. कॅटलिया, ऑन्सिडियम यांचं विभाजन करताना प्रत्येक भागाला निदान तीन-चार फुगीर खोडं ठेवा. एकेकटं खोड तोडून लावलं तर ते जगतं, पण फुलायला फार काळ घेतं.